चंद्राला मत देऊ नका: प्रचारातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचं विडंबन कसं रचावं

प्रचाराच्या जाहिरातींना आवाज देणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. आवाज खर्जातला, त्यामुळे ‘आम्ही काय काय केलं’ छापाच्या जाहिराती माझ्या वाट्याला फारशा येत नाहीत. त्यांना हसरा, उजळ आवाज लागतो. मला बोलावतात ते समोरच्याचे वाभाडे काढायला. सकाळी एका पक्षाचं काम, संध्याकाळी दुसऱ्याचं. संहिता बहुतेक तीच असते, फक्त नाव बदलतं. घाईगर्दीत कधी कधी तेही तिसऱ्या ओळीत जुनंच राहिलेलं असतं.

त्यामुळे या जाहिरातींची टिंगल कशी करावी, हे विचारायला काही लोक माझ्याकडे येतात. माझा पहिला नियम ऐकून ते चक्रावतात: विडंबनात एकही विधान खोटं करायचं नाही.

कारण अस्सल माल तसाच बनतो. धादांत खोटं बोलणारी जाहिरात हे कच्च्या गड्याचं काम. तिला नोटीस येते, खुलासा येतो, कधी माफीही मागावी लागते. मुरलेला जाहिरातवाला या भानगडीत पडत नाही. तो चार खऱ्या गोष्टी अशा शेजारी शेजारी मांडतो की पाचवी, खोटी गोष्ट बघणाऱ्याच्या डोक्यात आपसूक तयार होते. ती जाहिरातीत कुठेच नसते, म्हणून पकडताही येत नाही. तुम्हाला टिंगल करायची आहे ती या मांडणीची. खोटी विधानं घुसडलीत तर लोक त्या विधानांना हसतील आणि मांडणी नामानिराळी राहील.

आणखी एक, म्हणजे पुढे गैरसमज नको. समोरच्यावर टीका करणारी प्रत्येक जाहिरात वाईट नसते. सत्तेतल्या माणसाने काय केलं नाही, हे विरोधकाने सांगायचं नाही तर कोणी? त्यात निदान तपासता येईल असं काहीतरी असतं. उगवता सूर्य, पळणारी मुलं आणि हात हलवणारा नेता यांनी भरलेल्या गोड जाहिरातीत तपासण्यासारखं एक अक्षर सापडत नाही. आपलं भांडण टीकेशी नाही, दिशाभुलीशी आहे.

निरपराध उमेदवार निवडा

नवशिका काय करतो? त्याला चीड आणणारी एखादी खरी जाहिरात घेतो, त्यातला आरोप दुप्पट फुगवतो आणि वर हसण्याचा आवाज टाकतो. यात त्या जाहिरातवाल्याचाच फायदा. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही खरी आणि काही खोटी विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ऐकवली. जी विधानं पुन्हा पुन्हा कानावर आली ती मुलांना जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत की खोटी. म्हणजे तुम्ही आरोपाची खिल्ली उडवण्यासाठी तो पुन्हा उच्चारलात, तरी उच्चारलाच. महिनाभराने लोकांना तुमचा विनोद आठवणार नाही, आरोप आठवेल.

म्हणून खरा उमेदवार घेऊच नका. असं कोणीतरी घ्या ज्याच्या निर्दोषपणाबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही, आणि त्याच्यावर सगळी यंत्रणा सोडा: तोच आवाज, तेच संगीत, तीच काळीकुट्ट चौकट. आरोपी निर्दोष आहे हे आधीच माहीत असल्यामुळे बघणाऱ्याचं सगळं लक्ष यंत्रणेकडे जातं. पुढच्या वेळी तीच यंत्रणा खऱ्या माणसावर चालताना दिसली की त्याला ती ओळखू येते.

खरा नेता घ्यायचाच असेल तर स्टीफन कोल्बेअरने केलं तसं करावं लागेल, आणि ते कठीण आहे. या अमेरिकी विनोदवीराने २०११ साली निवडणूक आयोगाकडून रीतसर परवानगी घेऊन स्वतःची प्रचारसंस्था काढली होती. अध्यक्षपदाच्या शर्यतीतले मिट रॉम्नी एका जत्रेत बोलून गेले होते की कंपन्या म्हणजे माणसंच आहेत. २०१२च्या जानेवारीत या संस्थेने दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली: कंपन्या जर माणसं असतील आणि रॉम्नींच्या गुंतवणूक कंपनीने काही कंपन्या संपवल्या असतील, तर रॉम्नी हे खुनांची मालिका करणारे खुनी ठरतात. कच्चा माल उमेदवाराच्याच तोंडचा, तर्काची एकेक पायरी वरवर बिनचूक, आणि निष्कर्ष असा की कोणी शुद्धीवर असताना खरा मानणार नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. ‘रॉम्नी कर चुकवतात’ असा निष्कर्ष काढला असता तर ती टिंगल राहिली नसती, अफवा झाली असती.

माझा उमेदवार चंद्र आहे. त्याच्याबद्दलची माहिती सगळ्यांना शाळेपासून आहे, तो कोणत्याही पक्षाचा नाही, आणि अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही.

संहिता

काळा पडदा. खालच्या पट्टीतला पियानो, एकच सूर, मधे लांब शांतता. चंद्राचा कृष्णधवल फोटो, अर्धा चेहरा अंधारात.

निवेदक: चंद्र.

निवेदक: लोक म्हणतात, तो उजेड देतो. पण तो उजेड त्याचा आहे का? नाही. उसना आहे.

निवेदक: पिढ्यान् पिढ्या त्याने आपल्याला एकच बाजू दाखवली. दुसऱ्या बाजूला काय आहे?

फोटो हळूहळू जवळ येतो. खड्डे स्पष्ट दिसू लागतात.

निवेदक: दर महिन्याला तो दिसेनासा होतो. तेव्हा तो कुठे असतो? कोणासोबत?

निवेदक: त्याच्या ध्रुवांजवळच्या अंधाऱ्या खड्ड्यांत पाणी आहे. तुम्हाला एक थेंब तरी मिळाला?

निवेदक: १९६९ ते १९७२. बारा माणसं त्याच्याकडे जाऊन आली. त्यानंतर पन्नास वर्षं तिथे कोणी पाऊल ठेवलं नाही. का?

निवेदक: आणि आता, दर वर्षी जवळपास चार सेंटिमीटर, तो तुमच्यापासून दूर चाललाय. न सांगता.

फोटो आक्रसत ठिपक्याएवढा होतो. पियानो थांबतो. क्षणभर अंधार. मग एकदम रंग: सोनेरी प्रकाश, डोलणारं गवत, बासरी.

निवेदिका: सूर्य. रोज हजर.

सगळ्यात खाली, वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत: ‘उजेडप्रेमी जागरूक नागरिक’ यांच्या वतीने प्रसारित.

सावकाश वाचली तर ही मिनिटभराची जाहिरात होते. तीस सेकंदांत बसवायची तर अर्धी वाक्यं उडवावी लागतील. मी पाण्याचं आणि चार सेंटिमीटरचं ठेवेन.

कोणती ओळ कुठून आली

आता ही ओळींओळींनी उसवून दाखवतो. विडंबन लिहिताना हाच क्रम उलटा चालवायचा असतो: आधी एक चलाखी निवडायची, मग तिला साजेशी खरी गोष्ट उमेदवाराच्या चरित्रात शोधायची.

‘दुसऱ्या बाजूला काय आहे?’ ही सर्वांत स्वस्त चलाखी. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे फोटो सोव्हिएत लुना-३ यानाने १९५९ सालीच काढले. उत्तर तेव्हापासून उघड्यावर पडलेलं आहे. पण जाहिरातीतला प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी विचारलेलाच नसतो. विधान केलं तर पुरावा द्यावा लागतो, प्रश्नाला पुरावा कोण मागणार? वकील संहिता वाचून विधानांवर लाल खुणा करतो आणि दुसऱ्या खर्ड्यात त्याच जागी प्रश्नचिन्हं उगवलेली असतात, हे मी कागदावर पाहिलेलं आहे. विडंबनात मात्र प्रश्न पाच-सहाच ठेवा. जास्त झाले की ऐकणारा उत्तरं द्यायला लागतो.

‘कोणासोबत?’ यात चलाखी शेजाराची आहे. दोन गोष्टी जवळ ठेवायच्या, जोडणारा शब्द वापरायचा नाही. २००८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या सेनेटच्या लढतीत एलिझाबेथ डोल यांच्या बाजूने एक जाहिरात आली. त्यांच्या प्रतिस्पर्धी के हेगन या निरीश्वरवाद्यांच्या एका गटाशी जवळीक ठेवून आहेत, असा तिचा रोख. शेवटी हेगन यांचा फोटो आणि त्यावर एका बाईचा आवाज: देव नाही. तो आवाज हेगन यांचा नव्हता. जाहिरातीने तसं म्हटलंही नव्हतं. हेगन स्वतः चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई. त्या कोर्टात गेल्या, आणि निवडणूकही त्यांनीच जिंकली. माझ्या चंद्राचं उत्तर त्याहून निरुपद्रवी आहे. अमावास्येला तो सूर्याच्याच बाजूला असतो, म्हणजे जाहिरात देणाऱ्याच्याच सोबत. हे कोणाच्या लक्षात आलं तर त्याचं हसू दुप्पट, नाही आलं तरी बिघडत नाही.

पाण्याच्या ओळीतली चलाखी म्हणजे ज्याला जे करणं शक्यच नव्हतं ते केलं नाही म्हणून झोडपणं. चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचं भारताच्या चंद्रयान-१ वरच्या उपकरणाने टिपलं आणि २००९ साली ते जाहीर झालं. ध्रुवांजवळच्या ज्या खड्ड्यांत कधीच ऊन पोचत नाही तिथे बर्फ आहे. आता तो बर्फ चंद्राने घरोघर कसा पोचवायचा? पण ‘पाणी आहे’ आणि ‘तुम्हाला मिळालं नाही’ ही दोन्ही विधानं तंतोतंत खरी आहेत.

बारा माणसांच्या ओळीत कारण गाळलंय, बस. अपोलो मोहिमा अमेरिकेने पैसा आणि राजकारण बघून थांबवल्या. चंद्राने कोणाला हाकलून दिलं नव्हतं.

चार सेंटिमीटरवर मात्र मला जरा रेंगाळायचंय, कारण आकड्यांचा खेळ सर्वांत जास्त चालतो आणि विडंबनात तोच सर्वांत वाईट लिहिला जातो. लोक हास्यास्पद मोठा आकडा टाकतात. खरी जाहिरात तसं करत नाही. ती खराच आकडा टाकते आणि तो कशाच्या तुलनेत आहे तेवढं सांगत नाही. २००४ साली अमेरिकेत बुश यांच्या प्रचारात सांगितलं जायचं की त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनी जास्त कराच्या बाजूने ३५० वेळा मत दिलं. आकडा हवेतला नव्हता, यादी होती. पण यादीत कर आहे तेवढाच ठेवण्याच्या बाजूने दिलेली मतं होती, आणि मोठ्या करकपातीऐवजी लहान करकपात मागणारी मतंसुद्धा होती. कर कमी करा म्हणणाराही ‘जास्त कराच्या बाजूचा’ ठरला, कारण त्याहून कमी करता आला असता.

चंद्राचंही तसंच. तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो, हे खरं. तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, हे मी सांगितलं नाही. या वेगाने एक किलोमीटर सरकायला त्याला सव्वीस हजारांहून जास्त वर्षं लागतील, हेही सांगितलं नाही. तुम्ही आकडा निवडाल तेव्हा ही तपासणी करा: आकड्याशेजारी छेद, म्हणजे तो कशाच्या तुलनेत आहे ते, लिहिल्याबरोबर आरोपाची हवा गेली पाहिजे. गेली तर आकडा विडंबनाला योग्य. छेद लिहूनही आरोप उभाच राहत असेल तर ती रास्त टीका आहे, तिला हात लावू नका.

‘न सांगता’ हे दोन शब्द माझे लाडके आहेत. न सांगता काय, तो कोणालाच काही सांगत नाही.

‘सूर्य. रोज हजर.’ ही ओळ ध्रुवप्रदेशात खोटी पडते. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. म्हणून तिथल्या मतदारांना ही जाहिरात दाखवायची नाही. हसू नका. आजच्या प्रचारात हे रोज होतं: एकाच उमेदवाराच्या वेगवेगळ्या जाहिराती वेगवेगळ्या लोकांच्या फोनवर जातात, आणि एकाला दाखवलेली दुसऱ्याला कधीच दिसत नाही. विडंबन करताना एक आवृत्ती खास ‘ध्रुवप्रदेशासाठी’ काढून तीत फक्त हे वाक्य बदललेलं दाखवलं, तर ही गोष्ट भाषणाशिवाय कळते.

चंद्र बोलत नाही, त्यामुळे संहितेत एक हुकमी चलाखी राहून गेली: वाक्य छाटणं. त्यासाठी बोलणारा उमेदवार घ्या, बालवाडीच्या बाई वगैरे. नमुना म्हणून खरा किस्सा बघा. २००८ साली ओबामा भाषणात म्हणाले होते की प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या प्रचारातले लोकच म्हणतायत, आपण अर्थव्यवस्थेवर बोलत राहिलो तर हरू. २०११ साली रॉम्नींच्या जाहिरातीत हे ओबामांच्या आवाजात ऐकू आलं, पण पहिला अर्धा भाग कापून. आता ओबामा स्वतःबद्दलच बोलतायत असं वाटत होतं. आपल्या भाषेत तर हे काम आणखी सोपं, कारण नकार येतो वाक्याच्या टोकाला. ‘आम्ही कर वाढवणार, अशी अफवा उठवली जातेय, ती साफ खोटी आहे’ यातले पहिले तीन शब्द ठेवा, झालं. बालवाडीच्या बाई म्हणतात, ‘मारामारी करायची, चावायचं, हे इथे अजिबात चालणार नाही.’ जाहिरातीत बाई म्हणतात, ‘मारामारी करायची, चावायचं.’ खाली पट्टी: तुमची मुलं कोणाच्या हाती आहेत? विडंबनात छाटलेलं वाक्य आधी दाखवा आणि शेवटच्या दोन सेकंदांत पूर्ण वाक्य चालवा. नुसतं छाटलेलं दाखवलंत तर ते छाटलेलं आहे हे कोणाला कळणार?

चित्राबद्दल थोडक्यात. खऱ्या जाहिरातीत उमेदवाराचा डोळे मिटता मिटताचा, तोंड वेडंवाकडं असतानाचा फोटो शोधतात. एका भाषणात असे शेकडो क्षण सापडतात. फोटोतला रंग काढतात, चालणं मंद करतात. मंद केलं की साधा नमस्कारसुद्धा कट शिजल्यासारखा दिसतो. ब्रिटनमध्ये १९७८ साली हुजूर पक्षाने बेकारांच्या लांबलचक रांगेचं भित्तिपत्रक काढलं. बेकारी खरी होती, रांग नव्हती: पक्षाचेच तरुण कार्यकर्ते उभे केले होते, पुरेसे आले नाहीत म्हणून त्याच माणसांचे फोटो घेत घेत रांग जोडून लांबवली. हे विडंबनासाठी तयार ताट आहे. तेच पाच चेहरे पुन्हा पुन्हा येणारी ‘हजारोंची’ गर्दी दाखवा, बोलू काहीच नका.

पण कोणाच्या शरीराला हात घालायचा नाही, विडंबनातही. १९९३ साली कॅनडात सत्ताधारी पक्षाने विरोधी नेते ज्याँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत वापरले. लहानपणीच्या आजारामुळे त्यांच्या तोंडाची एक बाजू लुळी होती. लोक भडकले, जाहिरात लगोलग मागे घ्यावी लागली. क्रेतियाँ यांचं उत्तर असं होतं की मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो हे खरं, दोन्ही बाजूंनी बोलायला मी त्या पक्षाचा नाही. त्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या हाती दोन जागा उरल्या. पराभवाची कारणं त्याआधीची आणि बरीच मोठी होती, पण व्यंगावर बोट ठेवणाऱ्याला व्यंगकार म्हणत नाहीत, हे तिथल्या मतदारांना बरोबर कळलं.

आवाज

हा माझा प्रांत, त्यामुळे इथे थोडं खोलात जातो.

विडंबनाला आवाज देणारे हमखास एक गोष्ट बिघडवतात: ते गमतीदार आवाज काढतात. खलनायकी घोगरेपणा, ओढलेले हेल. संपलं. निवेदकाला विनोद कळलाय हे ऐकणाऱ्याला कळलं की विनोद गेला. तुम्ही अगदी गंभीर असलं पाहिजे. चंद्र खरोखरच लायक नाही, असं वाटूनच बोला.

माइकच्या नेहमीपेक्षा जवळ या, चारेक बोटांवर. बहुतेक माइकना जवळून बोललं की खालचे स्वर आपोआप फुगतात. घशावर ताण न देता खर्ज मिळतो. आवाज चढवू नका, उतरवा. प्रश्नाचं शेवटचं अक्षर आपण बोलताना वर नेतो. इथे ते खाली टाकायचं. ‘कोणासोबत’ मधला ‘त’ खाली पडला की तो प्रश्न उरत नाही, निकाल होतो. घरी फोनवर दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघा.

नावाआधी अर्धा सेकंद थांबायचं. ‘आणि आता’ नंतरही. उमेदवाराचं नाव कधी आपुलकीने घ्यायचं नाही, पूर्ण नाव, सपाट. तारखा मात्र स्पष्ट आणि सावकाश, कारण तारीख ऐकली की माणसाला पुरावा ऐकल्यासारखं वाटतं. ‘१९६९ ते १९७२’ मी जेवढ्या गांभीर्याने वाचलंय तेवढ्याने एखाद्याला जन्मठेप होईल.

शेवटच्या ओळीला बाईचा आवाज घ्या. धंद्यात याला ‘काळजीवाला’ आवाज म्हणतात: आरोप पुरुषाने करायचा, दिलासा बाईने द्यायचा. का, ते मला विचारू नका. निर्माते वर्षानुवर्षं तसंच मागत आलेत, आणि त्याचीही टिंगल व्हायलाच हवी.

संगीत आवाजाच्या आधी सुरू करा, दोन सेकंद. आरोप सुरू होण्याआधीच माणूस घाबरलेला असला पाहिजे.

पाटी लावा, मोठी

तुमचं विडंबन कोणीतरी कापणार आहे. पूर्ण व्हिडिओ पुढे पाठवायला कोणाला वेळ असतो? मधला दहा सेकंदांचा तुकडा गटागटांत फिरेल, खाली कोणीतरी लिहील ‘हे बघा, यांनी लपवलं होतं.’ म्हणून ‘हे विडंबन आहे’ ही पाटी शेवटच्या चौकटीत टाकून भागत नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, चित्राच्या मधल्या भागात हवी, म्हणजे कापताना सुटणार नाही. आणि दर दहा सेकंदांत उमेदवार चंद्र आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

खऱ्या नेत्याचा आवाज यंत्राने हुबेहूब करून वापरू नका, थट्टेतही नाही. २०२४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या मतदारांना बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मत देऊ नका म्हणून. फोन लावणाऱ्या प्रचार-सल्लागाराला अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. नकलाकाराने केलेली नक्कल नक्कल म्हणून ओळखू येते, यंत्राने केलेली येत नाही. विडंबनाचा सगळा जीव त्या ओळखू येण्यात आहे.

कायदा देशागणिक वेगळा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली एका नियतकालिकाने छापलेल्या विडंबन-जाहिरातीच्या बाजूने आठ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. त्या जाहिरातीखाली ‘हे विडंबन आहे, गांभीर्याने घेऊ नये’ असं छापलेलं होतं. भारतात अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. चंद्र निवडण्यामागे माझं हेही एक कारण होतं.

दुसरी बाजूही करा

व्हिडिओ बाहेर सोडण्याआधी दोन्हीकडच्या कट्टर समर्थकांना दाखवा. ‘त्यांच्या जाहिराती अगदी अशाच असतात’ असं दोघेही म्हणाले की काम जमलं. एकच जण म्हणाला, तर कुठेतरी एका पक्षाची लकब, रंग किंवा घोषणा शिरलीय, शोधून काढा.

काही वाक्यं मी गाळली, ती का ते सांगतो, कारण गाळणं शिकवायला कोणी बसत नाही. ‘ताशी साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतो, परवाना कुठाय?’ हे खरं असूनही काढलं, कारण परवान्याशी निवेदकाने डोळा मारला. ‘भरती-ओहोटीमागे कोणाचा हात आहे?’ हे काढलं, कारण हात खरंच चंद्राचा आहे, मग दिशाभूल कसली? ‘भर दिवसा सूर्याच्या आड आला’ हे ग्रहणावरचं वाक्य सर्वांना आवडलं होतं. पण ती रास्त तक्रार झाली, आणि सूर्याची तक्रार मी का मांडू?

आणि चंद्राची जाहिरात टाकलीत की आठवड्याच्या आत त्याचं उत्तरही टाका, चंद्राच्या बाजूने, सूर्याविरुद्ध. उत्तर नसेल तर तुम्ही सूर्याचे माणूस ठरता. माझा खर्डा तयार आहे, आवाज तोच, पियानो तोच. ‘सूर्य. दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन संपवतो. हिशेब कोणी मागितला? त्याच्यावरचे डाग दुर्बिणीतून चारशे वर्षं दिसतायत. सुमारे पाच अब्ज वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होणार आहे. जाहीरनाम्यात उल्लेख नाही. आणि आजही, भर दुपारी, त्याच्याकडे नजर वर करून बघायची तुमची हिंमत आहे?’

मग चांदणं, बासरी, आणि काळजीवाली निवेदिका: ‘चंद्र. डोळ्यांना त्रास नाही.’